बिनवासाची फोडणी

बोरीवली (पूर्व)
१६ फेब्रुवारी, रविवार दुपार

प्रिय जान्हवी,

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले ते मी मोजलेलं नाही. मोजलं असतं तर लाजेने आजही लिहायला बसले नसते. रागावली असशील. रागव, पण नंतर. आधी एवढं वाच: हे पत्र तुझ्या आईबद्दल आहे. आई आहे, चालतीबोलती आहे, मी काल संध्याकाळी तिच्याच स्वयंपाकघरात बसले होते. पण ती ज्या तऱ्हेने दिवस काढते आहे, तशी ती पावसाळ्यापर्यंत टिकेल असं मला वाटत नाही. हे वाक्य लिहून मी खोडणार होते. राहू देते.

तू म्हणशील, मग फोन कर ना बाई. जान्हवी, फोनवर आपल्याला हसता येतं. तू दिसलीस की मी हसते, तूही हसतेस, आणि दोघी पिकलेल्या केसांवर बोलून मोकळ्या होतो. टाइप करायला बसले तर बोटं आपोआप 'सगळं मस्त' लिहितात. कागदावर तेवढं सहज खोटं लिहिता येत नाही मला. म्हणून शाळेत असताना लिहायचो तसं लिहिते आहे, समोरच्या दाराच्या फटीतून सरकवायची चिठ्ठी समज. पुरी झाली की फोटो काढून पाठवीन.

आणि इतके दिवस उत्तर का नाही, तेही सांगते. तुझ्या पत्राच्या शेवटी जे लिहिलं होतंस आणि 'आईला सांगशील तर माझी शपथ' म्हणाली होतीस, ते वाचल्यापासून मला काकूसमोर धड उभं राहवेना. जिन्यात भेटली की ती विचारणार, "काय म्हणता माझा चेडू?" आणि मी म्हणणार, "तुमची लेक मजेत आहे." ती माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघायची. मग मान हलवून वर चढायची. मी तिला टाळायला लागले. समोरासमोर दारं असताना टाळायला लागले, आणि म्हणून जे आधीच दिसायला हवं होतं ते उशिरा दिसलं. की दिसत होतं आणि मी बघत नव्हते?

सुरुवात दिवाळीनंतरची. कॉलेजच्या लायब्ररीतून मी घरी येते तेव्हा दिवेलागण झालेली असते. तुमच्या स्वयंपाकघराची जाळीची खिडकी पॅसेजमध्ये उघडते, तुला माहीतच आहे, तिच्यातूनच आपण चिंचा काढायचो. त्या खिडकीतून फोडणीचा आवाज यायचा. चर्रर्र. जन्मभराचा ओळखीचा आवाज. पण एका संध्याकाळी कुलपात किल्ली घालताना मी थांबले. काहीतरी कमी होतं. वास नव्हता. मोहरीचा नाही, हिंगाचा नाही, कढीपत्त्याचा नाही, जळल्याचासुद्धा नाही. मला वाटलं सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या मजल्यावर अस्मिता बोंबील तळत होती ते मला खाली गेटपाशी कळत होतं, म्हणजे नाक शाबूत होतं. पण आपल्या मजल्यावर, दोन हातांवर, फोडणी पडायची आणि हवा कोरडीच. माणसाने उन्हातून चालत यावं आणि त्याची सावलीच पडू नये, तसं वाटलं. सिद्धेशला म्हटलं तर नवरोबा म्हणाला, "शेजाऱ्यांच्या फोडण्या हुंगत उभी राहतेस? झकास. आता रिटायरमेंटचं टेन्शन नाही, पोलिसांत घेतील तुला."

मग माकडं. नॅशनल पार्कातली ती टोळी अजून येते. भिंतीवरून गुलमोहरावर आणि तिथून छज्ज्यावर. एका रविवारी मी खाली भाजीवाल्यापाशी उभी होते आणि ती वर खिडक्या तपासत चालली होती. प्रत्येक गजातून हात आत, मिळेल ते बाहेर. सेक्रेटरी राजेशच्या देव्हाऱ्यातलं केळं गेलं, अस्मिताच्या ओट्यावरची चपाती गेली, वर शिव्या, टाळ्या, फटाका. मग ती दुसऱ्या मजल्यावर तुमच्या हॉलच्या खिडकीशी आली. खिडकी सताड उघडी. पुढे असलेल्या म्हाताऱ्या माकडिणीने गजाला नाक लावलं, आत बघितलं आणि हातसुद्धा न घालता पुढे निघून गेली. तिच्यामागची सगळी तशीच. एकही थांबलं नाही. भाजीवाल्याचा तराजू हातातच राहिला. "वहां कोई रहता नहीं क्या, भाभी?" त्याने विचारलं. आणि नेमकी तेव्हाच काकू त्या खिडकीत येऊन उभी राहिली, पदराने तोंड पुसत, आणि मला हाक मारून म्हणाली, "काय गो, भाजी घेतंस?"

त्यानंतर मला मुंग्या दिसायला लागल्या. म्हणजे आधीही असणार. आपल्या पॅसेजमध्ये भिंतीच्या कडेने त्यांची ओळ असते. पूर्वी ती तुमच्या उंबऱ्यातून आत जायची. दशरथकाका चोरून साखर खायचे आणि मुंग्यांमुळे पकडले जायचे, आठवतंय? आता ती ओळ तुमच्या उंबऱ्यापर्यंत येते, तिथे किंचित वळण घेते आणि सरळ माझ्या दाराकडे येते. मी वाकून बघत बसले. हसू नकोस. एकही मुंगी आत वळली नाही. आतून मात्र चर्रर्र आवाज आला आणि काकूचं हसणं.

सोसायटीत कुजबुज सुरू झाली. अस्मिता मला लिफ्टपाशी गाठून म्हणाली, "ए उत्तरा, जनावरांना कळतं हं. काका गेल्यापासून त्या घरात काहीतरी आहे. तू समोर राहतेस, तुला भीती नाही वाटत?" मी शिकलेली बाई, मी हसले. पण खरं सांगू? दिवेलागणीला कुलूप उघडताना पाठ तुमच्या दाराकडे करायला मला नको वाटायला लागलं होतं. काकूने दार उघडलं की ते फक्त वीतभर. त्या फटीत तिचा चेहरा, पावडर लावलेला, आणि तोंड कायम चावत असलेलं. "आत्ताच जेवलंय गो." कधीही जा, ती आत्ताच जेवलेली असायची. काय चावत होती ते मला तेव्हा कळलं नाही.

याच सुमाराला आपल्या सोसायटीत दिशा नावाची एक मुलगी आली. एका संस्थेची, पाठीवर सॅक, फार चांगली मुलगी. शहरातली न दिसणारी गरिबी या विषयावर ती सोसायट्यांमधून बोलते. मीटिंगमध्ये तिने विचारलं, "तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी गरजू आहे का?" राजेश उठून म्हणाला, "मॅडम, राँग नंबर. इथे सगळे फ्लॅटवाले. रीडेव्हलपमेंटचा भाव ऐकलात तर आम्ही सगळे कोट्यधीश आहोत, फक्त त्यातच राहतो म्हणून दिसत नाही. गरजू बघायचे तर भिंतीपलीकडच्या वस्तीत जा." सगळे हसले. मी हसले. तुझी आई मागच्या खुर्चीवर होती. तीही हसली, पदर तोंडाला लावून. दिशा हसली नाही. ती म्हणाली, "बंद दाराआड कोण कसं राहतं ते शेजाऱ्यांनाच कळू शकतं, मला नाही." राजेश म्हणाला, "बरोबर आहे, म्हणूनच सांगतोय ना, इथे कुणी नाही."

मग काहीतरी करायला हवं म्हणून आम्ही ठरवलं की आपल्या शेजारच्या हॉलमध्ये लग्नं होतात तिथे अक्षतांऐवजी फुलं द्यायची. तांदूळ वाया जाऊ नये, तो वस्तीत पोचावा. हॉलवाला तयार झाला. फलकावरचा मजकूर माझा. 'अक्षतांचा प्रत्येक दाणा कुणाच्या तरी ताटातला आहे.' मला ते वाक्य फार आवडलं होतं, दोन दिवस मनात घोळवत होते. काकू फलकासमोर उभी राहून एकेक अक्षर वाचत होती. म्हणाली, "मगे तांदूळ नायच?" मला वाटलं, जुन्या वळणाची बाई, रीत मोडते म्हणून वाईट वाटतंय. मी तिला समजावलं. काकू, ते तांदूळ पायदळी जातात, तेच कुणा भुकेल्याच्या पोटात गेले तर केवढं पुण्य. तिने पदर सारखा केला. "खरा हा," म्हणाली.

तुला हे माहीत नसेल म्हणून सांगते. काका गेल्यापासून त्या हॉलमध्ये लग्न लागलं की काकू मागाहून जायची आणि कुंच्याने सगळ्या अक्षता गोळा करून पदरात बांधून आणायची. आमंत्रण नसेल तर पंगतीला कधी बसली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. विचारलं तर म्हणायची, देवाच्या नावाचे तांदूळ, पायाखाली येता नयेत, चिमण्यांक घालतंय. आम्ही सगळ्या म्हणायचो, केवढी धार्मिक बाई. आता मला आठवतं, चिमण्या मी कधी बघितल्या नाहीत. बोरीवलीत त्या आहेत तरी कुठे?

जानेवारीत अस्मिताच्या मुलीचा ताप उतरेना. डॉक्टर, रक्त, सगळं झालं, तरी अस्मिताच्या डोक्यात तुमचं घरच बसलेलं. तिच्या सासूने उतारा सांगितला. दहीभात, वर गुलाल, मुलीवरून उतरवायचा आणि त्या घराच्या दाराशी तिन्हीसांजेला ठेवून मागे न बघता निघून यायचं. आता फ्लॅटमधल्या बायका, पत्रावळ कुठली असायला! तिने स्टीलच्या वाटीत ठेवला. तिच्या रुखवतातली वाटी, मशीनने नाव कोरलेली. मी घरी आले तेव्हा ती तुमच्या उंबऱ्याशी दिसली. ओलांडून जाताना अंगावर काटा आला. मला राग यायला हवा होता, तोही आला, पण काटा आधी आला हे खरं.

सकाळी वाटी उंबऱ्याशी नव्हती. ती वर, अस्मिताच्या दारात, पायपुसण्याच्या बरोबर मध्यावर होती. घासलेली, पुसलेली, लखलखीत. आणि तळाशी चिमूटभर तांदूळ. लाल. अस्मिता जी किंचाळली ती सगळी बिल्डिंग गोळा झाली. "घेतला! त्याने घेतला आणि घर बघून वाटी परत आणून दिली! वाट लागली आमची!" तिची सासू रामरक्षा म्हणायला लागली. राजेश म्हणाला सीसीटीव्ही बघू, मग म्हणाला जिन्यातला कॅमेरा बंद आहे. कुणी त्या वाटीला हात लावेना. मी उचलली. तांदूळ बोटांत घेऊन बघितले. कुंकू लावलेले होते. अक्षता.

जान्हवी, भूत भांडं घासून ठेवील एक वेळ. पण शेजारणीचं भांडं रिकामं परत करू नये, हे भुताला कोण शिकवील?

मी वाटी घेऊन घरी आले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. आपल्या दोन घरांमध्ये किती वाट्या गेल्या-आल्या असतील! मी शिरा पाठवला की काकूची वाटी साखर घेऊन यायची. मग एकदा गुळाचा खडा आला, मला वाटलं संक्रांत जवळ आलीय. मग कधीतरी नुसतं जास्वंदीचं फूल. मग तुळशीची पानं. मी ती वाटी नाकाला लावून म्हटलं होतं, किती सुंदर कल्पना. माझ्या गेल्या खेपेच्या उपम्याच्या वाटीत काय आलं होतं ते आठवेना म्हणून रोजनिशी बघितली. 'काकूंकडून वाटीत अक्षता. गंमत. घरात शुभकार्य आहे की काय?' हे मी लिहिलंय. माझ्याच अक्षरात आहे.

त्यानंतर लगेच गेले असं सांगायला मला आवडलं असतं. मी नाही गेले. आठ-पंधरा दिवस मी त्या दाराशी जाऊन परत आले. जाऊन काय म्हणणार? मी डबा दिला तर तिला वाटी भरून परत करावी लागणार. प्रत्येक वेळी काही दिलं की मी तिच्या घरातलं काहीतरी कमी करणार. हे खरं कारण, की मला दार उघडल्यावर आत काय दिसेल याची भीती होती, ते मी अजून ठरवते आहे. काल मात्र पॅसेजमधून जाताना आवाज आला, चर्रर्र, आणि पाठोपाठ काहीतरी धप्पकन पडलं. दार नुसतं लोटलेलं होतं. मी आत गेले.

काकूच्या हातून पाण्याचा तांब्या पडला होता. ती ओट्याला धरून उभी होती. गॅसवर रिकामा तवा. ओट्यावर हिंगाच्या डब्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात तू. फोनमध्ये तिचा चेहरा आणि मागची भिंत तेवढीच दिसत असणार, तवा नाही. मला बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. मग तुला म्हणाली, "काय्येक नाय गो, तांब्यो पडलो. थांब हां, फोडणी घालतंय, ऐक." आणि तांब्या उचलून तळाशी उरलेलं पाणी तिने तापल्या तव्यावर शिंपडलं. चर्रर्र. वाफ वर गेली. तू म्हणालीस, "आहाहा! आई, इथपर्यंत वास आला बघ!" आणि काकू हसली. तेच हसणं, जे मी इतके दिवस भिंतीपलीकडून ऐकत होते. मी दारात उभी होते, जान्हवी. तू काल संध्याकाळी, म्हणजे तुझ्या सकाळी, हे म्हणालीस तेव्हा मी तिथे होते.

फोन ठेवल्यावर तिने आधी गॅस बंद केला. मग जमिनीवरचं पाणी पुसलं, मला पुसू दिलं नाही. मग म्हणाली, "फोनातसून वास येणा नाय ता बरा." बस, एवढंच. मी डबे उघडले नाहीत. उघडायची गरज नव्हती, ते फळीवर इतके हलके होते की मी ओट्याला टेकले तर वाजले. तिने ताट घेतलं आणि मला म्हणाली, "इलंस तर जेव." भांड्यात भात होता. गुलाबी. फिकट, पावसाळी संध्याकाळच्या आभाळासारखा गुलाबी. "कितीव धुवा, रंग जाणा नाय," ती म्हणाली, जणू काही गिरणीतल्या कापडाबद्दल सांगते आहे. फुलं सुरू झाल्यापासून नवे तांदूळ नाहीत, साठवलेले पुरवते आहे. मी खाल्ले दोन घास. कुंकवाची कडवट चव अजून जिभेवर आहे. नाही म्हटलं असतं तर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं, एवढं मला कळत होतं. त्यात तिचे दोन घास कमी झाले, हेही कळत होतं.

तुला वाटत असेल, बाबांची पेन्शन कुठे जाते? साकीनाक्याच्या त्या लेथवाल्याकडे पेन्शन कुठली, जान्हवी. गिरणी बंद पडल्यावर काका तिथे लागले ते शेवटपर्यंत रोजावर. काकू साड्यांना फॉल-बिडिंग करायची, आता मोतीबिंदूने सुई दिसत नाही. रेशनच्या दुकानात कार्ड पांढरं, फ्लॅटवाल्या बाईला धान्य कशाला. घराचं विचारलं तर चिडली. "घर इकून खाव? मगे माझा चेडू खंय येतला?" मी म्हटलं, काकू, जान्हवी पैसे पाठवत होती ना? तर म्हणाली, मीच नको म्हटलं. गणपतीनंतर. का, ते तिने जसं सांगितलं तसंच लिहिते.

म्हणाली, "तिच्या टेबलावर सफरचंदा आसत बघ, फोनात मागे दिसतत. गणपतीत होती तीच दिवाळीत होती. तीच आज आसत. त्याच जागेर, तोच डाग. खरा सफरचंद इतक्या दिवस टिकता? प्लास्टिकची ती. माका दाखवूक ठेवल्यान." मग तवा निरखत म्हणाली, "जावयाचा, निलेशचा काम गेला काय गो?"

मी तुझी शपथ मोडली नाही. पण माझं तोंड तिने बघितलं, जिन्यात बघायची तसंच, आणि मान हलवली. तुझ्या पत्रातलं वाक्य मला पाठ आहे: 'चर्चच्या तळघरात फूड बँकेच्या रांगेत उभी असते तेव्हा टोपी डोळ्यांपर्यंत ओढून घेते, कुणी मराठी माणूस भेटला तर?' इतक्या श्रीमंत देशात तू टोपीआड लपतेस, आणि इथे कोटीच्या भिंतींत ती पावडर लावून चावल्यासारखं करते. तिला हे कसं कळलं असेल याचं मला कालपासून नवल वाटत होतं. आता वाटत नाही. जिला स्वतःला देखावा मांडावा लागतो तिला दुसऱ्याचा ओळखू येणारच. रोज तुमचा फोन होतो. ती तुला फोडणी ऐकवते, तू तिला सफरचंदं दाखवतेस. मला वाटत होतं तुमच्या घरात काहीतरी वावरतं. वावरतच होतं. नुसतं त्याला नाव द्यायला मी भीत होते. भूक.

निघताना तिने मला शपथ घातली. "जान्हवीक सांगा नको. ती सांगणा नाय तवर मी कसा सांगू? तिका वाटात, आपणच आयेक उपाशी ठेवलंय." म्हणजे आता माझ्यावर दोघींच्या शपथा. तुझी मी पाळली, आणि ती आधीच फुकट गेली होती. तिची मोडते आहे. ती मला माफ करणार नाही कदाचित. चालेल.

बाहेर पडता पडता मीही एक खोटं बोलून आले, ते इथे नोंदवते. म्हटलं, काकू, आमच्या गॅसची पाइप गळतेय, दुरुस्तीला आठवडे लागतील, तुमच्या शेगडीवर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला तर चालेल का? सगळे मिळून इथेच जेवू. एकाच स्वयंपाकघरात वाटी परत करायचा प्रश्न नाही ना. सिद्धेशला सांगितलं तर उठला आणि आमचा कॉक बंद करून, पान्याने आवळून आला. म्हणाला, "घे, आता खोटं नाही ते." काकू मात्र माझ्याकडे इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं, आता दार लावणार. मग तिने पदर खोचला. "ये सोमवारपासून," म्हणाली. "मगे मोहरी तेवढी घेवन ये गो. माझी संपली हा." जान्हवी, इतक्या महिन्यांत घरातलं काही संपलंय हे ती पहिल्यांदा म्हणाली.

आणि हे पत्र मी का लिहिलं, तर एवढ्यासाठी. मी जेवू घालीन, पण ती माझ्यासाठी जगणार नाही. ती ते घर धरून बसली आहे कारण तुला परत यायला दार असावं. आणि तू येत नाहीस कारण, तूच लिहिलंस, 'हरून आले असं आईला वाटेल.' तिला काय वाटेल ते तिच्या ताटात मी बघितलं आहे. उद्या फोन करशील त्याआधी ती सफरचंदं टेबलावरून उचल. रिकामं टेबल दिसू दे तिला. तू काही बोलू नकोस, तिला बोलू दे, ती विचारील. तिने विचारलं की एकदाच खरं सांग आणि म्हण, आई, मी येते. निलेशलाही घेऊन ये, मिळेल तेव्हा, मिळेल तशी ये. मी तेव्हा तिच्या बाजूलाच शेगडीपाशी उभी असेन. फोनमधून वास येत नाही, पण उद्याचा खरा असेल, त्याची साक्ष मी.

तुझीच,
उत्तरा

उद्या: सकाळी मोहरी आणायची.